फोमचा नाणेघाट

कुंडलिकच्या बुडाखाली कायमचा काटा. वारूळवाडीत मोटारसायकलींच्या शिटा शिवायचं त्याचं दुकान. पण दुसऱ्याची बैठक मऊ करणारा हा गडी स्वतः कधी धड बसला न्हाई. शीट शिवून झाली की उरलासुरला फोम, रेक्झिनच्या चिंध्या, दोऱ्याची रिकामी रिळं घरी आणायचा नि त्यातनं डोंगर उभा करायचा. कुरतडलेल्या फोमची झाडं, रेक्झिनची वाट, रिळांचे बुरूज.

दिवाळीत किल्ला सगळीच पोरं करतात, मिशा फुटल्या की सोडतात. कुंडलिक नि त्याचा दोस्त धर्माजी यांनी सोडला न्हाई. उलट त्यावर लढाई मांडली. मातीचे मावळे, फासा टाकून चाल. तोफ डागायची तर तोफेपासून गड्यापर्यंत दोरा ताणायचा. मधी काय आडवं आलं तर बार फुकट. आणि एकदा मांडलेल्या डोंगराला कात्री लावायची न्हाई.

दरसाल धर्माजीच जिंकायचा. दोन हजार दोन साली त्याला भोसरीला कंपनीत काम लागलं. भाऊबीज झाली की बिऱ्हाड हालणार.

"आवंदा न्हाई तर कधीच न्हाई," म्हणत कुंडलिक घरभर येरझाऱ्या घालत व्हता.

"आवं, टेका की जरा! पायात येऊन चकल्या मोडताल," त्याची बायको गोजरबाई करवादली.

त्यानं बाजेवर फळी टाकून नाणेघाट रचला. माथ्यावर धर्माजीच्या तोफा, खाली कोकणातनं चढणारी स्वतःची फौज. वसुबारसेला, किल्ल्यावर पेरतात तसे फोमवर अळीव पेरले. माती पाणी सोडती. फोम कशाला सोडतोय? पाडव्याला मावळे गवतात कमरेपर्यंत बुडाले. धर्माजीनं दोरा ताणला, गवतात अडकला. दुसऱ्या तोफेचं तेच.

"कुंडल्या, छाट ते!"

"कात्री लावायची न्हाई. कायदा तुझाच हाय, राव."

"आरं, लढाई हाय का लसूणघासाचा वाफा?"

अंधार पडेस्तोवर फौज माथ्याजवळ पोचली, उरलेला डाव भाऊबीजेवर गेला. आता एका चालीचं काम. दुसरा असता तर निवांत घोरला असता. कुंडलिक फटफटायच्या आत तांब्या घेऊन बाजेपाशी. गवत आणखी वाढू दे! एक तांब्या, दुसरा, चहा झाल्यावर पुन्हा एक.

"डोंगराला आंघोळ घालताय व्हय?" गोजरबाईनं इचारलं.

दुपारी बहिणीकडनं ओवाळून घेऊन धर्माजी आला. कुंडलिकनं फासा टाकला. हवं तेच दान! गडी उचलला, पण गुडघा हालवायची खोड जाती कुठं? बाज हादरली. पाणी पिऊन फोम रेड्यागत जड झालेला. सोल्युशननं चिकटवलेले थर सुटले नि अख्खा कडा तोफांसकट खालच्या फौजेवर झोपला.

"ह्यो डाव धरायचा न्हाई," कुंडलिक वरडला.

"का म्हून? माझे गडी वर हायेत, तुझे खाली. बघ की उकरून!" धर्माजी पोट धरून हसला.

सांजच्याला त्याचा टेम्पो गेला. कुंडलिक अंगणात उभ्यानंच फोम पिळत व्हता.

"टाका ते उकिरड्यावर," गोजरबाई म्हणाली.

"भोसरीला थेट एष्टी हाय न्हवं?"

"हाय. का?"

"मंग डोंगूर तुकड्या-तुकड्यांत करावा लागंल," तो मापाची टेप शोधत म्हणाला. "शिटाखाली बसंल असा."