खुन हान आजोबांपुढची बढाई

खुन हान आजोबांचा पुतळा आमच्या गावात नदीच्या उतारावर उभा आहे. दोन्ही हातांत तलवारी, अंगभर लोकांनी चिकटवलेला सोन्याचा वर्ख, आणि पायाशी नवसाच्या प्लास्टरच्या कोंबड्यांची अशी दाटी की झाडू घालायला जागा नाही. ब्रह्मी फौज त्यांनी इथंच अडवली होती. आता ते लॉटरी लावून देतात, परीक्षा पास करतात, पळालेले नवरे परत आणतात. मेल्यावरही माणसाला आराम नाही.

नवस फेडायचा तर उकडलेली अंडी ठेवायची, फटाके लावायचे, नाहीतर नाच करवायचा. नाच म्हटलं की लमुन. पन्नाशीची बाई, नवरा कधीच गेलेला, गुडघे कुरकुरतात, पण मुकुट चढवला आणि गालाला लाली लावली की लांबून विशीची वाटते. मी तिच्या मागे बसून ढोल वाजवतो. नाचाआधी नवस कुणाचा, काय बोलला होता, हे तिनंच मोठ्यानं आजोबांना ऐकवायचं. त्याशिवाय नवस फिटत नाही.

आजोबांकडे काहीही मागावं, एक सोडून. एप्रिलमध्ये पोरांची पलटणीची सोडत निघते. काळी चिठ्ठी आली की पोरगं घरी, लाल आली की पलटणीत. आजोबा हाडाचे शिपाई. त्यांच्यापुढं ‘माझ्या पोराला पलटण नको’ म्हटलं की लाल चिठ्ठी आलीच म्हणून समजा. दर वर्षी लमुन आयांना हेच बजावायची आणि नदीपलीकडच्या देवळात धाडायची.

यंदा तिच्याच पोराचा नंबर होता. डाम तिचा एकुलता एक. बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलतो. सरहद्दीवर तोफा चालू होत्या आणि शेजारच्या गावात एक पोरगा पेटीतून घरी आला होता, त्यामुळे लमुन येईल त्याला सरहद्दीची बातमी विचारत बसायची. पुतळ्याच्या पायरीशी केळी भाजून विकणारी नुआनचान तिला हसायची. तिचा ओतही त्याच सोडतीत होता.

“तुला कसली काळजी गं? पोराचं नावच डाम, म्हणजे काळा. काळ्याला काळीच चिठ्ठी येणार.”

“तू इथं काही बोलू नकोस हां नुआनचान. पलीकडं जा, देवळात.”

“बरं बाई.”

लमुन स्वतः नदी ओलांडून गेली, देवळात डोकं टेकून आली. आजोबांपुढं मात्र चकार शब्द काढला नाही. रोज सकाळी हार घालताना ती त्यांना पोराबद्दल जे सांगायची, तेवढंच सांगत राहिली. “आजोबा, डाम बर्फाची अख्खी लादी एकटा खांद्यावर घेतो. कुणाला भीत नाही. अगदी तुमच्यासारखा.” आईची बढाई म्हणून मी ढोलाचं कातडं ताणत ऐकत बसायचो. त्यात काही वावगं आहे हे तिलाही कळलं नाही, मलाही नाही.

शाळेच्या सभागृहात पोरं उघड्या अंगानं रांगेत उभी होती. ओतनं काळी काढली आणि नुआनचाननं कुण्या अनोळखी माणसालाच मिठी मारली. डामनं चिठ्ठ्यांच्या पेटीत हात घातला. लाल.  लमुन रडली नाही. तिथं कितीतरी बायका रडत होत्या, त्यात तिचं रडणं कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

सोंगक्रानला, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला, एकमेकांवर उडवलेलं पाणी वाळलं न वाळलं तोच नुआनचान अंड्यांचं ताट घेऊन पुतळ्यापाशी आली. मान खाली.

“ताई, नाच करायचाय.”

“कसला?”

“ओतचा.”

“इथं बोललीस तू? मी सांगितलं होतं ना तुला?”

“सांगितलंस म्हणूनच पलटण नको असं म्हटलं नाही. नुसती पोराची निंदा केली. म्हटलं, आजोबा, माझा ओत एक नंबरचा भित्रा. पाल दिसली की पलंगावर चढतो. असलं ध्यान तुमच्या पलटणीत आलं, तर नाव तुमचंच खराब होईल.”

लमुननं माझ्याकडं पाहिलं. मी ढोलाकडं पाहिलं. दोघांच्या मनात एकच आलं होतं, रोज सकाळची ती बढाई. नुआनचानचा मला राग आला, पण तिनं काय पाप केलं होतं? पोर वाचवलं. राग आजोबांवर काढावा, तर त्यांच्यावरच आमची चूल चालते.

नवसाच्या नाचाला नाही म्हणता येत नाही. लमुननं मुकुट चढवला, बोटांत नाचाची लांब पितळी नखं घातली, हात जोडून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, “आजोबा, नुआनचानचा ओत भित्रा आहे, निकामी आहे. तुम्ही त्याला घेतलं नाहीत. ती तुमची ऋणी आहे.” मग ती नाचली. नवसाचा नाच हसऱ्या तोंडानं करायचा असतो. तिच्या पाठीकडं बघत मी वाजवत होतो.

नुआनचान गेली. लमुन मुकुटासकट पुतळ्यापुढं गुडघ्यांवर बसली.

“आजोबा, मी वाढवून बोलायची हो. लादी तो एकटा उचलत नाही, दोघं मिळून उचलतात. अंधारात परसात जायचं तरी मला हाक मारतो. तुमच्या काही कामाचा नाही तो. घेतलाच आहात, तर भात शिजवायला ठेवा. साहेबांचे बूट पुसायला ठेवा. पुढं पाठवू नका.”

डाम तिला न्यायला आला होता आणि मागंच उभा होता. मी खाकरलो, पण ती थांबली नाही. पोरगं पायऱ्या चढून तिच्या शेजारी बसलं, हात जोडले.

“कुत्र्यांनाही भितो मी, आई. ते सांगायचं राहिलं.”

तिनं तेही सांगितलं.