पानं आपटू नयेत

"वेलफेअर ऑफिसर, या माणसाला उठवा. खुणा करतोय."

केळकरसाहेबांनी हातातली पानं टेबलावर पालथी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. त्याबरोबर कँटीनमधली सगळी डोकी माझ्याकडे वळली.

शिरवळच्या एका कारखान्यात मी तेव्हा वेलफेअर ऑफिसर होतो. पातळ आमटीपासून संडासाच्या तुटलेल्या कडीपर्यंत ज्या गोष्टी कुणाच्याच नसतात, त्या वेलफेअर ऑफिसरच्या असतात. वार्षिक क्रीडास्पर्धा त्यातलीच. क्रिकेट उरकलं होतं, रस्सीखेच उरकली होती, पाय फक्त एकाचा मुरगळला होता. पत्त्यांची फायनल तेवढी उरली होती. रविवारची दुपार होती आणि मला घरी जाऊन झोपायचं होतं.

खेळ मेंढीकोटाचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चौघं खेळतात, समोरासमोर बसलेले दोघं जोडीदार. दश्शीला मेंढी म्हणायचं. चार रंगांच्या चार मेंढ्या. ज्या जोडीनं जास्त पकडल्या ती जिंकली. हरलेल्या जोडीनं पत्ते पिसायचे, आणि जिंकेपर्यंत पिसतच राहायचं. आपल्या हातात काय आहे हे जोडीदाराला कळू द्यायचं नाही. सगळी भांडणं इथूनच सुरू होतात.

एका बाजूला केळकरसाहेब, आमचे प्रॉडक्शन मॅनेजर. पुण्याच्या क्लबात ब्रिज खेळलेले. ब्रिजमध्ये म्हणे शिंकलं तरी लोक वळून बघतात. त्यांच्या आग्रहावरूनच मी भिंतीवर फलक लावला होता : 'खेळताना बोलू नये. पानं आपटू नयेत.' त्यांचे जोडीदार स्टोअर्सचे शहा. आष्ट्याच्या व्यापाऱ्याच्या घरातले, मुळातच अबोल.

दुसऱ्या बाजूला प्रेस शॉपचे दोघं. कांबळे युनियनचे सेक्रेटरी, आणि बिरू आटपाडीकडचा. घरी मेंढरं. लहानपण माळावर हाळ्या देण्यात गेलं, आणि नोकरी मिळाली ती प्रेसच्या धडधडाटात. त्यामुळे बिरूचा आवाज खाली कधी आलाच नव्हता. प्रत्येक पान तो टेबलावर दाणकन आपटायचा. वर "घे गड्या!" साहेबांची जोडी हरली की "पिसा सायेब, पिसा!"

आता अडचण सांगतो. बिरूचं प्रोबेशन महिनाअखेरीला संपत होतं. परमनंट झालाच तर केळकरसाहेबांच्या सहीनं होणार होता. त्या भरवशावर त्यानं शिरवळला खोली घेतली होती, बायकोला आणलं होतं, पोरीचं नाव शाळेत घातलं होतं. सही झाली नाही तर सगळं बिऱ्हाड परत आटपाडीला. आणि हा गडी त्याच साहेबांना भरल्या कँटीनमध्ये "पिसा" म्हणत होता. मी त्याला दोनदा डोळ्यांनी खुणावलं. त्याला वाटलं, मी पाणी मागतोय.

"कसली खूण, साहेब?" मी विचारलं.

"हे आपटणं. चांगलं पान असलं की जोरात आपटतो. मग जोडीदार त्यावर मेंढी टाकतो. फलक तुम्हीच लावलाय ना?"

बिरूचं तोंड उतरलं. "न्हाई ओ सायेब. शपथ घेतो."

इथे कांबळेंनी गप बसायला हवं होतं. युनियनच्या सेक्रेटरीला ते जमत नाही.

"आता बोलतोच," ते म्हणाले. "आमच्यात गप बसून खेळतो त्याच्यावर पयला संशय. बडबड करणारा खुणा कवा करंल? तुमी घटकाघटकाला चष्मा पुसताय, पान टाकायच्या आधी शहासाहेबांकडं टक लावून बघताय. आमी काय म्हणायचं त्याला?"

साहेबांचे कान लाल झाले.

"म्हणजे मी लबाडी करतो?" ते उठून उभे राहिले आणि माझ्याकडे वळले. "उद्या सकाळी या दोघांची फाइल माझ्या टेबलावर पाहिजे. आणि याचं कन्फर्मेशन मी बघतो."

कांबळेंना त्याचं काही नव्हतं. ते परमनंट होते, वर युनियन. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे ओलंच तेवढं जळणार होतं. मला खरंच वाईट वाटलं. आणि दमल्यासारखंही झालं. एवढी वर्षं मी मोठ्या माणसांचे रुसवे काढत होतो, पगार मात्र कामगार कल्याणाचा घेत होतो.

तेवढ्यात शहा बोलले. दिवसभरात पहिल्यांदाच.

"आमच्या आष्ट्यात दुकानाच्या पायरीवर रोज डाव पडायचा. संशय आला की एक डाव जोड्या मोडून खेळायचे. ज्याच्यावर संशय, त्यालाच जोडीदार करून घ्यायचं. समोर बसलं की कळतं, खूण आहे की नाही."

साहेबांच्या स्वतःच्या जोडीदाराचीच सूचना. नाही म्हणणं अवघड होतं. शिवाय सगळं कँटीन बघत होतं.

"बसा," साहेब म्हणाले. "दाखवतोच तुम्हाला."

बिरू उठला आणि साहेबांच्या समोर जाऊन बसला. कांबळे आणि शहा जोडीदार झाले. पानं वाटली. बिरू आता पान असं ठेवत होता की जणू टेबलावर कुणाचं तान्हं पोर झोपलंय.

"नेहमीसारखा खेळ," साहेब म्हणाले. "आपट."

बिरूनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं बदामाची राणी दाणकन आपटली. "घे गड्या!" म्हणाला आणि जीभ चावली.

कांबळेंनी बदामाचं बारकं पान टाकलं. आता पाळी साहेबांची. त्यांनी राणीकडे बघितलं, बिरूकडे बघितलं, आणि ठामपणे बदामाची मेंढी त्यावर ठेवली.

शेवटची पाळी शहांची होती. त्यांनी अलगद बदामाचा एक्का ठेवला आणि मेंढी ओढून घेतली.

"अरे!" साहेब ओरडले. फलकाची आठवण कुणाला राहिली नाही. "एक्का बाहेर असताना राणी एवढी आपटलीस? मला वाटलं हात आपलाच!"

"आवं सायेब," बिरू रडकुंडीला आला होता, "मी सत्ती बी तशीच आपटतो."

आपण काय केलं ते साहेबांच्या ध्यानात आलं. टेबलावर त्या दिवशी खुणेवर खेळलेला एकच माणूस निघाला होता, आणि तो तेच होते. कांबळेंचं तोंड उघडायला लागलेलं मला दिसलं. मी हात जोडले. ते बोलले नाहीत. माझ्या सबंध नोकरीत युनियननं माझं ऐकल्याचा तो एकमेव प्रसंग.

तो डाव साहेब आणि बिरू हरले. बिरूनं घाईघाईनं पत्ते गोळा केले.

"द्या सायेब, मी पिसतो."

"ठेव ते," साहेब म्हणाले. "चूक माझी. मी पिसणार." त्यांनी गड्डी उचलली आणि बिरूकडे बघत राहिले. "म्हण की. नेहमीचं ते."

"पिसा सायेब," बिरू म्हणाला. त्याचा आवाज एवढा हळू असू शकतो हे आम्हाला पहिल्यांदाच कळलं. साहेबांनी पत्ते पिसले. क्लबात शिकलेले होते, सुंदर पिसले.

पुढे जुन्या जोड्या बसल्या आणि फायनल पुरी झाली. कप साहेब आणि शहांनीच नेला. खरं सांगायचं तर ते खेळतही चांगले होते.

सोमवारी साहेबांनी फाइल मागवली नाही, पण मीच बिरूचे कन्फर्मेशनचे कागद घेऊन गेलो. त्यांनी सही केली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'काम चांगलं. आवाज मोठा.' बिरूला सांगितलं तेव्हा तो माझ्या केबिनमध्ये एवढ्यानं हसला की टाइपिस्ट दचकली.

यातून मी काय शिकलो? नियम लावण्याआधी खेळणाऱ्यांना विचारावं. पुढच्या वर्षी मी तो फलक काढून टाकला. त्या वर्षी कॅरमवरून भांडण झालं.