दुकान माझं, गिऱ्हाईक मामांचं

दुकानात बारा वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात, मुद्दाम कुणी जमवत नाही. आमचं दुकान नांदेडला, गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगचे पाइप बनवायचं. पाइप दाबून देणं मशीनचं काम. पण त्याच्या दोन टोकांना नेमकं कुठलं फिटिंग बसतं ते ओळखणं माणसाचं काम, आणि तो माणूस मी नव्हे! मालक मी, इंजिनिअर मी, पण किस्से सगळे उत्तममामांचे. मामा म्हणजे आमच्या वडिलांच्या वेळचे कारागीर. मला त्यांचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकलेलं बरं.

* * *

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "मामा हायत का?"

एकदा मामा जेवायला गेले होते आणि विष्णुपुरीचा एक टेम्पोवाला आला. मी म्हटलं, दाखवा, मी बघतो. व्हर्निअरनं जाडी मोजली, गेजनं आटे मोजले आणि साइज सांगितला. त्यानं मान डोलावली, पाइप परत पिशवीत घातला आणि स्टुलावर बसून राहिला. अर्ध्या तासानं मामा आले. त्यांनी आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि तोच साइज सांगितला. अगदी तोच!

"बघा," टेम्पोवाला मला म्हणाला, "ह्याला म्हणत्यात अनुभव."

* * *

मग मी माझं डिग्रीचं सर्टिफिकेट फ्रेम करून काउंटरच्या मागं टांगलं. लोकांना कळू दे की इथं शिकलेला माणूसही बसतो.

पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं चष्मा चढवून लांबूनच ते बघितलं. म्हणाला, "मामा एवढे शिकलेले हायत? कधी बोलले न्हाईत."

* * *

हिमायतनगरला एक पिकअप अडकली होती. पाइप फुटलेला आणि त्याचं टोक वाटेतच कुठंतरी पडलेलं. आता साइज कळणार कसा? मामांनी पिकअपच्या मालकाला फोनवर सांगितलं की धुण्याच्या साबणाची वडी ओली करायची, स्टिअरिंगच्या पंपावरच्या आट्यांवर दाबायची आणि इकडं पाठवायची. मी दोन गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं हसलो.

दुसऱ्या दिवशी बसनं कागदात गुंडाळलेली वडी आली. मामांनी तिच्यावर उमटलेल्या रेघा उजेडात धरून मोजल्या, पाइप केला आणि परतीच्या बसनं पाठवून दिला. संध्याकाळी फोन आला, एकदम फिट बसला म्हणून.

ती वडी मी गुपचूप घरी नेली. तीन दिवस मोजत होतो, दर वेळी वेगळा आकडा येत होता. चौथ्या दिवशी बायकोनं त्याच वडीनं कपडे धुतले.

* * *

पण जिव्हारी लागलं ते मुदखेडच्या जीपवाल्याचं. तो पाइप ठेवून बाजारात गेला होता. मामा दुसऱ्या कामात होते, म्हटलं ही संधी आहे. गाडीवरचे आटे मिलिमीटरचे होते आणि मी नट लावला इंचाचा. दिसायला दोन्ही सख्खे भाऊ. तपासायला जुन्या टोकावर फिरवून बघितला, दोन फेरे छान गेला, पुढं अडतो का ते बघितलंच नाही, मी खूश! जीपवाला पाइप घेऊन गेला, तो दुसऱ्या दिवशी तेलानं माखलेला शर्ट घालूनच परत आला. पाइप कुणी केला म्हणून विचारायला लागला.

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "माझी चूक हाय. घाई झाली."

जीपवाल्याचा राग तिथंच उतरला. मामांच्या हातून झालं असेल तर जाऊ द्या म्हणाला, वर चहाही पाजला त्यांना. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. चूकसुद्धा माझ्या नावावर राहिली नाही!

* * *

आणि आता हा. हा मी आजवर घरीही सांगितलेला नाही.

माझ्याच कारचं स्टिअरिंग जड झालं, पाइप गळायला लागला, दुकानासमोर गाडी लावली की खाली तेलाचा डाग. एका टोकाचं फिटिंग काही केल्या मला ओळखू येईना. मामांना विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण विचारायचं कसं? आपल्याच दुकानात, आपल्याच गाडीसाठी, गिऱ्हाइकांदेखत? दुकानात सांगितलं की लातूरला पाहुण्यांकडं चाललो आहे. निघालो, वाटेत दोनदा तेल ओतलं आणि लातूरच्या एका पाइपवाल्याकडं गाडी लावली. आपलंही असंच दुकान आहे हे त्याला सांगितलं नाही.

त्यानं पाइप काढला. एक टोक लगेच ओळखलं. दुसरं मोजलं, पुसलं, परत मोजलं. जमेना. मला आतून जरा बरं वाटलं.

"थांबा," तो म्हणाला, "आमच्या उस्तादांना विचारतो." त्यानं फोन लावून स्पीकरवर टाकला.

पलीकडून आवाज आला तो उत्तममामांचा. मी गाडीच्या पलीकडच्या बाजूला सरकलो. मामांनी नट किती फेरे जातो ते विचारलं, आतलं तोंड तिरपं आहे की सपाट ते विचारलं. मग गाडी कुठली म्हणून विचारलं. त्यानं गाडीचं नाव सांगितलं, रंग सांगितला, वर पाटीवरचा नंबरही वाचून दाखवला.

मी चाकाआड वाकलो.

"काई मोजू नका," मामा म्हणाले. "साहेब तिथंच आसतील. त्यांना म्हणा, डिक्कीत जॅकच्या पिशवीत बघा. पाइप परवाच करून ठिवलाय."