दोन बोर्डांवरचा एकच शहाणा

शेलूबाजारच्या शेतकरी कंपनीत मी संचालक, आणि इंझोरीच्या महिलांच्या कंपनीतही तज्ज्ञ म्हणून घेतलेला संचालक. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगत असे. शेतीतलं मला बेताचंच कळतं. पण इकडची बातमी तिकडे पोचवण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

सोयाबीन साफ करायच्या मशीनवर मोबाइलवरून नंबर लावायचं ॲप शेलूबाजारला आलं, ते माझ्यामुळेच. "इंझोरीच्या बाया आणून राह्यल्या," असं मी बैठकीत ठोकून दिलं. मग इंझोरीत जाऊन सांगितलं, "शेलूबाजारवाल्यायनं आणलं बी." दोन्हीकडे ॲपबद्दल एकही प्रश्न आला नाही. शेजाऱ्यानं पेरणी सुरू केली की आपणही करायची, तसंच हे.

इंझोरीच्या अध्यक्ष माझ्या वहिनी. त्यांच्या मशीनचा पहिलाच हंगाम होता. माल आला नाही तर सभासद पांगतील आणि कंपनीला कुलूप लागेल, ही धास्ती त्यांनी मला बोलून दाखवली होती. मी म्हणालो, "वहिनी, फिकीर नका करू. चालू ॲप हाय, जसंच्या तसं लावून देतो."

जसंच्या तसंच लावलं. मशीनचा पत्तासुद्धा शेलूबाजारचाच राहिला.

पहिल्या दिवशी वहिनी मशीनला हार घालून वाट पाहत बसल्या आणि इंझोरीचे ट्रॅक्टर शेलूबाजारला येऊन थडकले. मोबाइलवर आलंय म्हणजे बोर्डानंच ठरवलं असेल, असं समजून कुणी साधा फोनही केला नव्हता. मी मात्र फाटकात उभा राहून ती गर्दी पाहत आमच्या अध्यक्षांकडून पाठ थोपटून घेत होतो. तेवढ्यात वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, आमचा माल कुठी गेला?"

मी फाटकाबाहेर धावलो. रस्त्यात आडवा होऊन, ट्रॅक्टरवाल्यांच्या शिव्या खात, मी एकेक गाडी परत वळवली. संध्याकाळी इंझोरीची मशीन फिरली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. सभासदही टिकले.

इंझोरीच्या पुढच्या बैठकीत मी राजीनामा ठेवला. बाया नको नको म्हणतील, अशी मला आतून खात्री होती. तो एकमतानं मंजूर झाला. इतक्या झटपट त्या बोर्डानं आजवर काहीच ठरवलं नव्हतं.

मी चपला शोधू लागलो, तर वहिनी म्हणाल्या, "कायले उठता, भाऊजी? बसा. शेलूबाजारवाले आता नवीन काय आणून राह्यले, ते तं सांगा!"

लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटलं. मी पुन्हा बसलो आणि सांगू लागलो.