सेवेला गेलो आणि खाटेवर बसलो

निवृत्तीनंतर मी थोडे दिवस घरी बसलो आणि तेवढ्यात बायकोने मला मिशनरी केलं.

आम्ही शिरूरचे. तिथल्या मिशनच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला. नोकरी संपल्यावर मी बायकोच्या, म्हणजे राहेलच्या, स्वयंपाकघरात लक्ष घालू लागलो. (डाळ अशी का, फोडणी तशी का, असं सगळं.) अशातच एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी मंडळीला सांगितलं, "मुलंबाळं मार्गी लागलेल्या जोडप्यांनी हिवाळाभर खेड्यात सेवेला जावं. पगार नाही, राहायला खोली आहे." मी विचारच करत होतो. शेजारी बघतो तर राहेलचा हात वर.

"अगं, मला विचारायचंस तरी."

"मी तुम्हाला एकट्यालाच पाठवणार होते," ती म्हणाली, "पण तुम्ही जेवणार काय?"

पानशेतचं धरण फुटलं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आम्ही भांडगावजवळच्या एका वाडीत उतरलो. माझ्या मनात अख्खी वाडी झाडाखाली बसली होती, मी बोलत होतो आणि माणसं डोळे पुसत होती. तसे उपदेश लिहून मी काळ्या चामडी बॅगेत भरूनच आणले होते.

ती बॅगच नडली. सामान लावतोय तोवर आप्पा नावाचे शेतकरी धापा टाकत दारात आले.

"डाक्टर, बिगीबिगी चला. म्हैस अडलीया."

"मी डॉक्टर नाही, मास्तर आहे. मिशनकडून सेवेला आलोय."

"व्हय, मागं आलता त्यो जनावरांचा डाक्टर बी मिशनचाच व्हता. अशीच बॅग व्हती त्याची."

"अहो आप्पा, मी आत्म्याची सेवा..."

"तिला बी आत्मा हाय की."

मी बॅग उचलली. गेलो. गोठ्यात सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून बॅग उघडली. आत नुसते कागद. काहीतरी करायलाच हवं होतं, म्हणून म्हशीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. मोठ्याने. (वर्गातली सवय.) म्हैस आमेनपर्यंत थांबली नाही. एका लाथेत मी गव्हाणीत! सगळे मला उचलायला धावले आणि त्या गडबडीत, कुणाचंही लक्ष नसताना, म्हैस शांतपणे व्याली.

"गुरुजींचा पायगुण," आप्पा म्हणाले. माझा पाय तेव्हा भलत्याच दिशेला वळला होता.

हाडवैद्याने घोट्याला कामट्या बांधल्या आणि मला ओसरीवर खाटेवर टाकलं. आप्पांच्या घरून दूध येई, शेजारून भाकरी. राहेल वाडीतल्या बायकांना शिवण शिकवत फिरू लागली. एका दुपारी मी तिला म्हणालो, "सेवा करायला आलो आणि सगळी वाडी माझीच सेवा करतेय. चल, परत जाऊ."

ती माझ्या पायाला तेल लावत होती. "पळता येत नाही ते बरंच आहे," ती म्हणाली. "उभ्या जन्मात तुम्ही कुणाचं बसून ऐकलं नाहीत. माझंसुद्धा."

मग बसलो. दूध घेऊन येणाऱ्या आप्पांच्या आई, गोदाई, एकदा खाटेच्या पायथ्याशी टेकल्या. त्यांचा धाकटा मुलगा दौंडला रेल्वेत होता, तापाने गेला. "घरात बोलता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "आप्पा रडतोय मंग." मी भूगोलाचा मास्तर, मला सांत्वन कुठून येणार? उपदेशांची बॅग खोलीच्या पार त्या कोपऱ्यात. नुसता ऐकत राहिलो. उठताना त्या म्हणाल्या, "हलकं वाटलं, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारणीला आणलं. तिच्यामागून आणखी कुणी. सुनांची गाऱ्हाणी, भावांची भांडणं, एकाची तर नुसती पाठदुखी. त्यांची सोय माझ्या लक्षात आली: हा माणूस घाईत नसतो, गावातला नाही आणि उठून जाऊ शकत नाही.

शिमग्याच्या सुमारास कामट्या निघाल्या. निघताना एस.टी.पर्यंत सगळी वाडी आली. गोदाई राहेलचा हात सोडीनात. 

"आप्पा," मी म्हणालो, "यंदा माझ्या हातून काहीच झालं नाही. पुढच्या हिवाळ्यात धडधाकट पायानं येतो."

आप्पांनी जरा विचार केला.

"या की, गुरुजी. पाय धड असला तरी चालंल. आमी सांभाळून घेऊ."