शेणाचं घर

लोणावळ्यात मास्तर असताना मी कावळा-चिमणीची गोष्ट मोठ्यांसाठी नव्यानं लिहिली. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, मेणाच्या घरातली चिमणी दार उघडत नाही, हे तसंच ठेवलं. फक्त बाजू कावळ्याची घेतली. मासिकात छापून आल्यावर पुण्याहून कौतुकाची पत्रं आली. एका पेन्शनरानं मात्र पोरांच्या गोष्टींना हात लावू नका म्हणून दटावलं. त्याला मी उत्तरही दिलं नाही.

डोंगरातल्या वाडीवरून मोळी घेऊन येणाऱ्या मावशींना मी ती गोष्ट ओट्यावर बसवून वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "आमच्या कुडाला शेणाचंच लिंपन हाय, मास्तर. एवढं पावसाळं गेलं, घर हाय तितंच हाय. मेणाचंच उन्हात टिकनार न्हाई."

मग मोळी उचलता उचलता म्हणाल्या, "ही गोष्ट चिमनीनं सांगितल्याली दिसती."