कंपनीच्या हिरवळीवरचा पाऊस

आमच्याकडच्या हवेला ‘कोरडी पण निरोगी’ म्हणणारी माणसं मला आयुष्यभर भेटली, आणि त्यांतल्या एकानेही कधी विहिरीतून पाणी शेंदलं नव्हतं. आमच्या कंपनीचे मोठे साहेब त्या सगळ्यांचे मुकुटमणी. ते मुंबईहून आलेले. तिकडच्या दमट हवेत मशिनांना गंज चढतो, म्हणून चाकणच्या वाटेवरचा हा उघडा माळ त्यांना पसंत पडला होता. पाहुणे आले की छाती भरून श्वास घेत आणि म्हणत, “काय क्लायमेट आहे!” क्लायमेट कसलं डोंबलाचं! ढग घाट चढून येतात, मावळात सगळं ओतून मोकळे होतात आणि आमच्या डोक्यावरून रिकामे पूर्वेला निघून जातात. चैत्रात हातातला पाना चटके देई आणि आषाढात डोळ्यांत धूळ जाई. मशिनांना मात्र ही हवा मानवली.

माझं गाव कंपनीपासून तीन मैलांवर. तिथे थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची पोरं. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून मला वाढवलं ते वहिनीने. मी विज्ञान घेऊन मॅट्रिक झालो आणि टाइम ऑफिसात कारकून म्हणून चिकटलो. लगेच पिंपरीत खोली घेतली. तिथे सकाळी नळाला पाणी यायचं, आणि नळाखाली आंघोळ करणारा माणूस स्वतःला फार पुढारलेला समजतो. मीही समजत होतो.

आमच्या भागातल्या पंधरावीस गावांचा पाऊस मोजायला सरकारचं एक पर्जन्यमापक होतं. आधी ते शाळेच्या पटांगणात होतं. तिथे शेळ्या त्याला अंग घासत, पोरं त्यात चिंचोके टाकत. तेव्हा साहेबांनी मोठ्या मनाने तालुक्याच्या कचेरीला सांगितलं, आमच्याकडे ठेवा, कुंपण आहे, पहारा आहे, शिकलेला माणूस आहे. शिकलेला माणूस म्हणजे मी. कचेरीने ते आनंदाने दिलं. साहेबांनी ते पितळी नरसाळं घासूनपुसून कंपनीच्या दारातल्या नव्या हिरवळीच्या मधोमध बसवलं, कारण तिथे ते शोभत होतं.

रोज सकाळी कंपनीच्या बसमधून उतरलो की मी पाणी काचेच्या नळीत ओतायचो, डोळा समपातळीत आणायचो आणि वहीत आकडा लिहायचो. मग तोच आकडा तालुक्याला फोनवर. सुट्टीच्या दिवसाचं माप पहारेकरी घेई. माझं अक्षर सुरेख होतं आणि दशांश चिन्हाचा मला भारी अभिमान होता.

बहात्तर साली पावसाने दगा दिला. पिंपरीत चौकाचौकात तीच बोलणी. माझ्या वहीत मात्र रोज पाऊस. चार पूर्णांक दोन, चार पूर्णांक पाच, पुन्हा चार पूर्णांक दोन. आठवड्यातून एकदाच शून्य, आणि तो दिवस नेमका कंपनीच्या सुट्टीचा. हे माझ्या नजरेला पडलं नव्हतं असं नाही. किती नियमित पाऊस, म्हणून मी त्याचं कौतुकच करत होतो! आपल्याकडे पाऊस तुकड्यातुकड्याने पडतो, एका बांधावर पडेल, दुसऱ्यावर नाही, असं मी स्वतःला समजावलं होतं. गावी जाऊन बघितलं असतं तर कळलं असतं. पण गावी आंघोळीला पाणी नव्हतं, म्हणून मी दोन महिने तिकडे फिरकलोच नाही.

एके दिवशी सकाळी कंपनीच्या फाटकाशी पाच बाया हंडे घेऊन उभ्या राहिल्या. पुढे वहिनी. गावाने टँकर मागितला होता. तालुक्याने उत्तर दिलं होतं, तुमच्या भागात रोज पाऊस पडतोय, टँकर मिळणार नाही. मोजतो कोण, तर गावचाच माणूस.

“भावजी,” वहिनी म्हणाली, “एवढा पाऊस पडला तो कुठं, तेवढं आमाला दाखवा.”

मी तिला मोठ्या विश्वासाने आत नेलं. हिरवळ ओलीचिंब होती. एका कोपऱ्यात विलायती फवारा गरागरा फिरत होता आणि दर फेरीला त्याची धार पितळी नरसाळ्यावरून जात होती. माळी परभणीकडचा, दुष्काळातूनच पोटासाठी इकडे आलेला. मी विचारलं तर तो म्हणाला, “म्या तर रोजच पहाटे लावतो की साहेब. आज तेवढा उशीर झाला. सुट्टीला नाई लावत.”

वहिनीने एकदा फवाऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “म्हंजी तुमच्या कंपनीत पाऊस नळानं पडतो व्हय?”

गलका ऐकून साहेब बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उदारपणे म्हणाले, “बायकांना एकेक हंडा भरू द्या. मात्र गवतावरून चालू देऊ नका.” मी वहीतले आकडे खोडतो म्हटलं तर ते चिडले. खाडाखोड बरी दिसत नाही, पुढच्या आठवड्यात पाहुणे येणार आहेत, आणि दोन महिन्यांनी चूक कळवणं म्हणजे कंपनीची शोभा. उद्यापासून हळूहळू कमी लिही, असा त्यांचा सल्ला. पाऊससुद्धा हळूहळू कमी करायचा!

मी वही बगलेत मारली आणि दुपारच्या एस.टी.ने तालुका गाठला. तिथल्या अव्वल कारकुनाने वही चाळली आणि म्हणाला, “अक्षर छान आहे हो तुमचं.” रोज तोच आकडा आणि सुट्टीला शून्य, हे त्यालाही दोन महिन्यांत खटकलं नव्हतं. मी तिथेच बसून लिहून दिलं, की हे सारे आकडे फवाऱ्याचे आहेत आणि चूक माझी आहे. नवव्या दिवशी टँकर सुटला. त्याच टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून मी गावात शिरलो. वाटेत मला वाटत होतं की मी काहीतरी मोठं केलंय. असा मी मूर्ख.

आमच्याकडे घरी आलेल्या माणसाला बोलण्याआधी पाणी देतात. मी ओसरीवर टेकलो. वहिनीने उतरंडीशेजारचा झाकलेला तांब्या आणून पुढे ठेवला. टँकर अजून गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा होता, तेव्हा हे पाणी त्यातलं नव्हतं.

“हे कुठलं?” मी विचारलं.

“ओढ्यातल्या झऱ्याचं. वाटीवाटीनं भरावं लागतं,” ती म्हणाली. “तुमच्या दर सुट्टीला एक तांब्या झाकून ठेवत होते. तुमी आला आन् घरात पाणी न्हाई, असं नको व्हायला. सांज झाली की मग पोरांना वाटून द्यायची.”

मी तो तांब्या उचलला आणि पोरांच्या पुढे ठेवला. पोरं प्यायली नाहीत. पाहुण्याचं पाणी आहे म्हणाली.